गाडीचा आवाज जड करायचाय? सायलेन्सरला पहिल्यांदा हात लावणाऱ्यांसाठी

आमच्याकडे जळगाव-धुळ्याला पोरं गाडी घेऊन येतात आणि एकच मागणी करतात, "भो, आवाज जड पाहिजे." जड हा शब्द मला फार आवडतो कारण त्यात सगळं आलं, छातीत बसणारा, गोल, लांबून ऐकला तरी कानाला न टोचणारा. आणि मग तीच पोरं गॅरेजला जाऊन सायलेन्सरची जाळी फोडून घेतात, आवाज होतो पत्र्याचा, पिकअप जातो, ॲव्हरेज जातं, महिन्याभरात चौकात पावती फाटते आणि जुना सायलेन्सर भंगारात गेलेला असतो. गॅरेज माझं नाहीये, पण गेली बारा-तेरा वर्षं स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्या अंगणात मीच खोलतो, त्यात जे शिकलो ते नीट क्रमाने सांगतो. ज्याने आजपर्यंत फक्त प्लग साफ केलाय त्यालाही जमेल असं लिहायचा प्रयत्न आहे.

आधी आवाज येतो कुठून ते समजून घ्या

फोर स्ट्रोक सिंगल सिलेंडर गाडीत क्रँक दोनदा फिरला की एकदा पेट्रोल पेटतं. म्हणजे गाडी १२०० आरपीएमवर स्लोला उभी असेल तर मिनिटाला ६०० आणि सेकंदाला १० धमाके. एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडला की तो दाबातला गरम गॅस बेंड पाईपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हेडपासून (सिलेंडरवरच्या झाकणापासून) सायलेन्सरपर्यंत जाणाऱ्या वाकड्या पाईपात सुटतो, मागे लाट जाते, तीच लाट म्हणजे आवाज. आता बघा, ३००० आरपीएमला सेकंदाला २५ धमाके होतात आणि ५००० ला ४१-४२. धमाके जितके सुटे सुटे तितका आवाज जड वाटतो, म्हणून जुनी बुलेट धक-धक करते, तिचा पिस्टन ७० एमएमचा आणि स्ट्रोक ९० एमएम, लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील, कमी आरपीएमवर आरामात चालते. स्प्लेंडर ९७.२ सीसी आणि ही जुनी बुलेट ३४६ सीसी, म्हणजे एका धमाक्यात साडेतीन पट गॅस. त्यामुळे स्प्लेंडरला बुलेटचा सायलेन्सर लावून बुलेटचा आवाज येत नाही, कधीच येणार नाही, त्यात पैसे घालू नका. पण स्प्लेंडरचा स्वतःचा आवाज स्वच्छ आणि गोल करता येतो, ते पुढे सांगतो.

सायलेन्सरच्या आत दोन पद्धती असतात. एक खोल्यांची, आत पडदे आणि नळ्या असतात, लाट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते, आपटते, परत येते आणि एकमेकींना मारते. कंपनीचे बहुतेक सायलेन्सर असेच. दुसरी ग्लासवूलची, मधून भोकांची सरळ नळी जाते आणि भोवती ग्लासवूल भरलेलं असतं, टोकदार आवाज वूलमध्ये शोषला जातो आणि जड भाग बाहेर येतो. गॅरेजमध्ये ज्याला 'जाळी काढून देतो' म्हणतात ते म्हणजे हे पडदे किंवा ही भोकाची नळी फोडणं. त्याने जड आवाज वाढत नाही हो, आधी जो तीक्ष्ण आवाज अडवला जात होता तो मोकळा सुटतो. कानाला त्रास त्याचाच होतो.

आणि मोकळा सायलेन्सर म्हणजे गाडी जास्त पळते हे पण डोक्यातून काढा. बेंड पाईपची लांबी आणि जाडी अशी ठरवलेली असते की गेलेल्या लाटेमागे जो कमी दाब तयार होतो तो सिलेंडरमधला उरलेला गॅस ओढून काढतो. पाईप उगाच जाड केला की ही ओढ कमी होते आणि खालच्या आरपीएमला गाडी मरते, म्हणजे नेमकं जिथे आपण गावातल्या रस्त्याला, चाळीसगावच्या पुढे कन्नड घाट चढताना गाडी वापरतो तिथेच.

पायरी पहिली: आहे तो आवाज बरा करा

ही पायरी सगळे सोडतात. निम्म्या गाड्यांना नवीन सायलेन्सरची गरजच नसते.

गाडी थंड असताना चालू करा आणि फक्त ऐका. हेडजवळून बारीक 'फुस-फुस' किंवा 'टिक-टिक' येतंय का? बेंड पाईप जिथे हेडला बसतो तिथलं पॅकिंग गेलेलं असतं. चाळीस-पन्नास रुपयांच्या पॅकिंगपायी लोक हजारोंचा सायलेन्सर बदलतात. मग वरून 'टक टक' येतंय का, ते टॅपेट, म्हणजे हेडमध्ये वॉल्व्हला दाबणारा भाग. टॅपेट सैल असेल तर कितीही भारी सायलेन्सर लावा, वरचा खटखटाट खालच्या आवाजाची मजा घालवतोच. चेन सुकलीय का, हीट शिल्डचा स्क्रू निघून पत्रा वाजतोय का, इंजिन माउंटिंगचे बोल्ट आवळलेत का. मित्राच्या गाडीचा 'फाटलेला आवाज' मी एका संध्याकाळी दोन स्क्रू आणि एक रबरी वायसर टाकून घालवलाय.

मग सायलेन्सरवर बोटाने, नंतर पान्याच्या टोकाने हलके टकटक करा. आत काही खडखडलं तर पडदा सुटलाय. खालच्या बाजूला गंज बघा. आपल्याकडे पावसाळ्यात काळी माती बेंड पाईपला आणि सायलेन्सरच्या खाली चिकटते, गरमीने भाजून घट्ट होते आणि आत ओल धरून ठेवते, तिथूनच पत्रा खातो. प्रत्येक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन निघतं, गाडी घर ते शेत अशी दोन किलोमीटरच चालली तर ती वाफ बाहेर पडायच्या आधी आतच थंड होते. म्हणून कंपनी सायलेन्सरच्या पोटाला बारीक भोक ठेवते. ते भोक मातीने बुजलं असेल तर तारेने मोकळं करा, आणि वेल्डिंगवाला "लीक आहे" म्हणून ते बुजवायला निघाला तर थांबवा.

एअर फिल्टर पण याच दिवशी उघडा. कापूस वेचणीच्या दिवसांत आणि उन्हाळ्याच्या धुळीत यावल-रावेर पट्ट्यात फिरणाऱ्या गाड्यांचे फिल्टर मी इतके भरलेले पाहिलेत की खाली कागद आहे हेच कळत नाही. फिल्टर चोक झाला की गाडी जास्त पेट्रोल पिते, प्लग काळा होतो, आवाज दबका आणि भसाडा येतो.

एवढं करून आठ दिवस गाडी चालवा. तरीही वाटलं की बदलायचंच, तर पुढे वाचा.

पायरी दुसरी: कायदा, खरेदीच्या आधी

हे मी घाबरवायला लिहीत नाहीये, पण हजारो रुपये घालून नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. भारतात मोटरसायकल कंपनीतून निघताना आवाजाची मर्यादा ठरलेली आहे, ८० ते १७५ सीसीला ७७ डेसिबल आणि १७५ च्या वर ८० डेसिबल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज-प्रदूषणाचे निकष मोडले तर कलम १९०(२) खाली पहिल्या वेळेस १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. शिवाय कलम १८२अ(४) मध्ये मालकाने नियमबाह्य बदल केला तर एका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. पोलिसांनी राज्यात ठिकठिकाणी जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोलर फिरवलेत, ते व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या आजूबाजूचे १०० मीटर शांतता क्षेत्र असतं आणि रात्री १० ते सकाळी ६ नियम अजून कडक.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला. रस्त्यावर चालवायच्या गाडीला कंपनीनेच त्या मॉडेलसाठी मान्य करून दिलेला सायलेन्सर घ्या. रॉयल एनफील्डने स्वतःच्या ॲक्सेसरीत काही मॉडेलसाठी असे दिलेत, इतर कंपन्यांचं शोरूमला जाऊन विचारा, बिलावर पार्ट नंबर घ्या. बाजारातल्या इंदोरी, पंजाब, मेगाफोन, गोल्डस्टार, शॉर्ट बॉटल या नावांनी जे मिळतं त्यातलं बहुतेक कुठल्याही चाचणीतून गेलेलं नसतं. धुळ्याहून शिरपूर, पळासनेर, सेंधव्यावरून इंदूर जवळ, म्हणून आपल्याकडे इंदोरी जास्त दिसतो. तो सायलेन्सर ऐकायला दमदार वाटतो हे मी नाकारत नाही, मी स्वतः लावला होता.

ते सांगतोच. माझ्या बुलेटला इंदोरी लावून रात्री अकराला गल्लीत शिरलो, घर येईपर्यंत दोनदा रेस केली, आणि समोरच्या मावशी ओट्यावर आल्या, रागावल्या पण नाहीत, फक्त हळू म्हणाल्या, "पोऱ्या आत्तेच निजना व्हता रे भाऊ." त्यांच्या मुलीचं बाळंतपण झालं होतं आणि बाळाला ताप होता. मी गाडी बंद करून ढकलत घरी नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सायलेन्सर उतरवला. त्या दिवसापासून मी जड आवाजाच्या मागे लागलो आणि मोठ्या आवाजाचा नाद सोडला, आणि खरं सांगतो, शोधायला जास्त मजा यातच आली.

इन्शुरन्सचं पण बघा. बदल कळवला नसेल तर क्लेमच्या वेळी अडचण येऊ शकते, आणि वॉरंटीतल्या गाडीला हात लावताना शोरूमला आधी विचारा.

पायरी तिसरी: काय घ्यायचं आणि काय तसंच ठेवायचं

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट, काढायचा नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष) गाड्यांत तो बेंड पाईपमध्ये किंवा सायलेन्सरच्या पुढच्या भागात असतो, आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसारख्या धातूंचा थर. जळालेल्या गॅसमधला कार्बन मोनॉक्साईड तो कमी करतो. तो काढला की पीयूसीला गाडी फेल जाऊ शकते. आणि हे नीट लक्षात ठेवा, जुना सायलेन्सर गॅरेजला सोडून येऊ नका. त्या जाळीला भंगारात चांगला भाव आहे, "राहू दे इथंच, जागा अडते तुझी" असं कोणी म्हणालं तरी गोणीत घालून घरी न्या, विकताना, इन्शुरन्सला, पासिंगला कधीही लागतो.

ज्या गाडीत कॅट बेंड पाईपमध्ये आहे तिथे फक्त मागचा डबा बदलता येतो, त्याला स्लिप ऑन म्हणतात. नवशिक्याने एवढंच करावं. पूर्ण सिस्टिम बदलायची तर इंधनाचं गणित नव्याने मांडावं लागतं.

डबा निवडताना माझा क्रम असा. डब्याचं पोट मोठं असावं, मोठ्या पोटात जड आवाज चांगला राहतो आणि टोकदार आवाज मरतो. पत्रा जाड किंवा दुहेरी, एकेरी पातळ पत्रा स्वतःच डबड्यासारखा वाजतो, दुकानात बोटाने टिचकी मारा, 'टण्ण' आवाज आला तर ठेवून द्या, 'ठक्' आला तर पुढे बोला. धातू शक्यतो ३०४ स्टेनलेस, साध्या लोखंडावर क्रोम असेल तर दोन पावसाळ्यांत तो सुटायला लागतो. तोंडात काढता येणारा डीबी किलर, म्हणजे आवाज कमी करणारी छोटी नळी असावी, आणि ती काढायची नाही, कारण आवाज तिच्यासकटच ठरवलेला असतो. क्लँप आणि ब्रॅकेट तुमच्या मॉडेलचेच आहेत का बघा. "थोडं वेल्डिंग करून बसवू" म्हणणाऱ्या दुकानदाराकडे घेऊ नका, साध्या आर्क वेल्डिंगने पातळ स्टेनलेस जळतं आणि सहा महिन्यांत जोडाच्या कडेला चीर जाते, लागलंच तर टिग वेल्डिंग करणारा शोधा.

आरएक्स १०० वाल्यांसाठी वेगळं. भारतात १९८५ ते १९९६ बनलेली ही टू स्ट्रोक, हिचा सायलेन्सर म्हणजे इंजिनाचाच भाग आहे. त्याच्या फुगीर पोटातून परतणारी लाट बाहेर निघालेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलते. तो कापला, फोडला, छोटा केला की गाडीची ताकद जाते. मागचा बोल्ट काढा, आतली नळी बाहेर ओढा, कार्बन खरवडा, परत बसवा. आवाज आपोआप खुलतो.

पायरी चौथी: उतरवणं

इथे घाई केली की नुकसान पक्कं. माझ्या पहिल्या १५० सीसी गाडीचा हेडचा स्टड, म्हणजे पाईपचा नट ज्यावर बसतो तो हेडमधला आट्यांचा दांडा, मी असाच तोडला होता, मे महिन्याची दुपार, पत्र्याखाली बसलेलो, घाम डोळ्यात, नट हलत नव्हता म्हणून पान्याला पाईप लावून जोर दिला आणि कट्ट. गाडी चार दिवस उभी, हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावं लागलं. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये लोखंडी स्टड वर्षानुवर्षं भाजलेला असतो, गंज आणि उष्णता दोन्ही मिळून तो जाम होतो.

म्हणून बेंड पाईप हेडपासून सोडवायचा असेल तर आदल्या रात्रीच सुरुवात करा. नटावर डब्ल्यूडी-४० किंवा कुठलंही गंज सोडवणारं ऑइल मारा, तासाभराने परत, झोपताना परत. नटाच्या कडेचा गंज आधी तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर ऑइल आत जातच नाही. सकाळी, ऊन चढायच्या आत, सहा कोनी सॉकेट लावा, बारा कोनी रिंग पाना गंजलेल्या नटाच्या कडा खातो. पहिल्यांदा सोडवू नका, उलट जरासा आवळा, अगदी केसभर, तिथे 'टिक' करून गंज तुटला की मग सोडवा. एक फेरा सोडवला की अर्धा फेरा परत आवळा, ऑइल मारा, पुन्हा सोडवा. नट येताना जड यायला लागला तर थांबा. तरी नाहीच आला तर इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा, कोमट असताना हातमोजे घालून प्रयत्न करा.

स्टड तुटलाच तर स्वतः ड्रिल मारू नका. उरलेल्या खुंटीवर नवीन नट ठेवून आतून वेल्डिंग करणारा चांगला कारागीर असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने आटे सैल होतात आणि त्या नटाने खुंटी फिरवून निघते. असा माणूस प्रत्येक गावात एखादाच असतो, ट्रॅक्टर रिपेअरवाल्यांना विचारा, ते बरोबर पत्ता देतात.

बीएस-६ गाडीला बेंड पाईपवर ऑक्सिजन सेन्सर असतो. आधी त्याचा कपलर सुटा करा, मग सेन्सर फिरवा, नाहीतर वायर पिळून आत तुटते आणि मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा कायमचा पेटतो. फक्त मागचा डबा काढणार असाल तर सेन्सरला हात लावू नका.

डबा सुटायच्या आधी खाली विटेवर जुनी गोणी ठेवा. एकाने धरायचं, एकाने बोल्ट काढायचा. वायसर, रबर, बुश जसे निघाले तशा क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा आणि मोबाईलवर फोटो काढा.

पायरी पाचवी: बसवणं

जुन्या पॅकिंगची रिंग पोर्टमध्ये चिकटलेली असते, काळी पडून हेडचाच भाग वाटते. टॉर्च लावून बघा, स्क्रूड्रायव्हरने हळूच उचकटा. तिच्यावरच नवीन रिंग बसवली तर पाईप सरळ बसत नाही आणि आयुष्यभर लीक राहतो. पॅकिंग प्रत्येक वेळी नवीनच.

लाल सिलिकॉन फासू नका, सेन्सरच्या गाडीला तर अजिबात नाही, सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सरला निकामी करते. आट्यांवर कॉपर ग्रीस बोटाला लागेल एवढंच, म्हणजे पुढच्या वेळी नट सुखाने निघेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सगळे नट बोल्ट आधी हाताने, सैल, अर्धवट लावा. पाईप स्वतः आपल्या जागेवर बसला पाहिजे, तुम्ही ओढून ब्रॅकेटला आणायचा नाही. मग हेडकडचे नट थोडे थोडे, डावा उजवा आळीपाळीने आवळा, त्यानंतर मधला क्लँप, शेवटी मागचा ब्रॅकेट. उलटं केलं, म्हणजे मागून आवळत पुढे आलात, तर पाईपमध्ये ताण राहतो आणि थरथरीने हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये ब्रॅकेट तुटतो किंवा जोडाला चीर जाते. ६ एमएमच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर आणि ८ एमएमला २० च्या आसपास, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघून टॉर्क पाना लावा. तो नसेल तर छोटा पाना वापरा, छोट्या दांड्याने जास्त जोर लागतच नाही.

चालू करायच्या आधी डबा आणि पाईप थिनरच्या फडक्याने पुसा. हाताचे तेलकट ठसे पहिल्या गरमीत स्टेनलेसवर कायमचे उमटतात. पहिली पाच-दहा मिनिटं धूर येईल, कारखान्यातलं तेल जळतं ते, घाबरू नका, पण घराच्या बाहेर मोकळ्यावर करा.

लीक तपासायची सोपी रीत. इंजिन थंड असताना जोडांवर साबणाचं पाणी लावा, चालू करा, जाड ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडाशी दोन सेकंद धरा. जिथे बुडबुडे आले तिथे लीक. पाईप गरम व्हायच्या आत हे उरका, पाणी लगेच उडून जातं.

पायरी सहावी: पेट्रोल-हवेचं गणित

बाहेर जायला वाट मोकळी झाली की हवा जास्त ओढली जाते, पेट्रोल तेवढंच राहतं, मिश्रण पातळ होतं. ॲक्सिलेटर सोडल्यावर मागून 'फट् फट्' फटाके, हेड जास्त तापणं, पिकअपला अडखळणं ही त्याची लक्षणं. बरीच पोरं फटाके फुटले की खूश होतात, काहीजण चावी बंद-चालू करून मुद्दाम फोडतात. ते न जळलेलं पेट्रोल गरम पाईपमध्ये पेटत असतं आणि त्याने कॅटची जाळी वितळते, सायलेन्सरचे पडदे सुटतात. आणि कधी कधी मिश्रण बरोबर असतं, फक्त हेडच्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते म्हणून फटाके फुटतात, त्यामुळे जेटला, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल येण्याच्या बारीक भोकाच्या तुकड्याला, हात लावायच्या आधी लीक परत तपासा.

प्लग बघणं शिका. दहा-पंधरा किलोमीटर एका वेगात चालवा, गाडी बंद करा, थंड झाल्यावर प्लग काढा. टोक चहाच्या रंगाचं, बदामी असेल तर छान. पांढरं फट्ट असेल तर पातळ. काळं, काजळी असेल तर पेट्रोल जास्त.

कार्बोरेटरच्या गाडीला आधी एअर स्क्रूने स्लो सेट करा, तरी पातळ वाटलं तर मेन जेट एक नंबर मोठा. एकच. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. आणि आपल्या खान्देशात ही एक गोष्ट कुठल्याच बाहेरच्या व्हिडिओत सांगत नाहीत, जानेवारीच्या पहाटे जळगावात १० डिग्री असते आणि मे मध्ये दुपारी ४४, या दोन हवांमध्ये घनतेचा जवळपास १० टक्के फरक पडतो. गरम हवा पातळ, म्हणजे थंडीत बरोबर बसवलेला कार्बोरेटर उन्हाळ्यात जास्त पेट्रोल देतो. म्हणून सेटिंग ना कडाक्याच्या थंडीत करा ना भर मे मध्ये, फेब्रुवारीचे शेवटचे दिवस किंवा दिवाळीनंतरचे दिवस बरे.

इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सेन्सर बघून थोडंफार स्वतः सांभाळून घेतो, म्हणून मान्य स्लिप ऑनला बहुतेक वेळा काही करावं लागत नाही. सेन्सरला फसवायचे जे छोटे रेझिस्टन्सचे तुकडे विकतात ते घेऊ नका.

पायरी सातवी: मोजा

कान फसवतो, पहिल्या दिवशी सगळंच भारी वाटतं. सायलेन्सर बदलायच्या आधीच एक माप घेऊन ठेवा. मोकळ्या मैदानात, मागे भिंत नको, सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, ४५ अंशाच्या कोनात, तोंडाच्याच उंचीवर मोबाईल स्टुलावर ठेवा आणि आवाज मोजायचं ॲप लावा. एक आरपीएम ठरवा, समजा ४०००, तीन वेळा माप घ्या. नंतर तीच जागा, तोच मोबाईल, तोच आरपीएम. मोबाईलचा आकडा आरटीओत चालत नाही आणि वरच्या ७७-८० च्या मर्यादेशी थेट जुळवायचाही नाही, ती चाचणी चालत्या गाडीवर लांबून होते, पण आधी आणि नंतरचा फरक त्यातून कळतो. ३ डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली, १० वाढले म्हणजे कानाला साधारण दुप्पट मोठा वाटतो. माझा स्वतःचा नियम असा की जुन्या मापापेक्षा २ च्या वर गेला तर डबा परत काढायचा.

मग मित्राला गाडी चालवायला द्या आणि तुम्ही शंभर पावलं लांब उभे रहा. गाडीवर बसून जो आवाज ऐकू येतो तो बाहेरच्यांना येत नाही, तुम्हाला हवा, टॅपेट, टाकीची थरथर सगळं मिसळून येतं. लांबून ऐकला तेव्हा मला माझ्याच गाडीचा खरा आवाज कळला, आणि त्या दिवशी शेजारचा पोरगा म्हणाला, "भो, तुनी गाडीना आवाज भारी शे, पण कानले लागत नही." याच्यापुढे मला कुठलं सर्टिफिकेट नको.

नंतरची काळजी

ग्लासवूलचा डबा असेल तर वूल हळूहळू जळतं आणि तोंडातून उडून जातं. आवाज दिवसेंदिवस फाटायला लागला, डब्याचा बाहेरचा पत्रा पूर्वीपेक्षा जास्त तापायला लागला की समजा वूल संपलं. रिव्हेट ड्रिलने काढून परत भरता येतं, सायलेन्सरचंच जाड लांब धाग्याचं वूल आणा, कूलरचं किंवा पॅकिंगचं चालत नाही. भरताना पूर्ण बाह्या, मास्क आणि चष्मा, ते धागे कातडीत घुसून दोन दिवस खाजवतात. फार ठासून पण भरू नका, आवाज शोषायला धाग्यांमध्ये हवा लागते.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवा म्हणजे आतलं पाणी सुकेल. गाडी धुताना सायलेन्सरच्या तोंडात पाण्याचा प्रेशर मारू नका, आणि गरम पाईपवर थंड पाणी तर कधीच नाही.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे नट परत आवळायचे असतात, पॅकिंग गरम होऊन दबतं आणि नट सैल पडतात. मी त्यासाठी जळगावहून पाटणादेवीच्या रस्त्याला लागतो, चाळीसगावच्या अलीकडे एका ढाब्यावर शेवभाजी सांगतो, ती येईपर्यंत इंजिन हात लावण्याइतपत थंड झालेलं असतं. १० आणि १२ चा पाना डिकीत ठेवलेला असतो. अर्धा-पाव फेरा हमखास जातो प्रत्येक नटाला.